छाटीचा हिशेब कोण दाखवणार?

साहेब लोकांची झोप उडालीय. पोरं घरी बसून काम करतात, आणि ती खरंच काम करतात की तंगड्या पसरून पिक्चर बघतात हे साहेबाला दिसत नाही. २०२२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीनं अकरा देशांतल्या लोकांना विचारलं. कामगारांपैकी ८७ टक्के म्हणाले, आमचं काम नीट चाललंय. साहेबांपैकी ८५ टक्के म्हणाले, माणूस नजरेआड गेल्यापासून तो काम करतो यावर विश्वास ठेवणं जड जातंय. दोघं बोलतायत एकाच कामाबद्दल. काम पोचतंय, नफा खात्यावर पडतोय, आणि तरी साहेबाच्या पोटात गोळा.

तेव्हापासून पेपरात आणि टीव्हीवर एकच कीर्तन. घरून काम केल्यानं उत्पादकता वाढते की घटते? जणू हा प्रश्न २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीबरोबर जन्माला आला. ह्या सुटाबुटातल्या पंडितांपैकी एकालाही सोलापूरला, सिन्नरला, कामठीला जाऊन दारात बसलेल्या बाईला विचारावंसं वाटलं नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कातर. मागं कुणी उभं नाही. मुकादम नाही, घंटा नाही, हजेरीचं यंत्र नाही. तरी विड्यांचे कट्टे भरतात. तिची आई वळायची, आजी वळायची. घरून काम काय असतं हे ह्या देशात सांगायचा अधिकार कुणाचा असेल तर तिचा आहे. पण ती इंग्रजी बोलत नाही, आणि तिला चर्चेला बोलावलं तर स्टुडिओत तंबाखूचा वास येईल.

तिचं काम कसं मोजतात ते ऐका. कारखानदाराचा ठेकेदार तिला पानं देतो, तंबाखू देतो, दोरा देतो. हजार विड्यांना अमुक इतकी पानं पुरतील, हा हिशेब त्याचा. पानं निघतात फाटकी, भोकाची, वाळून चुरा झालेली. ती पुरत नाहीत. कमी पडलेली पानं बाईनं पदरच्या पैशानं आणायची, पण हजार पुरे करून द्यायचे. घर तिचं, दिवा तिचा, चटई तिची, पोरांच्या नाकात जाणारा तंबाखूचा खकाणाही तिच्याच वाट्याचा. मग टोपली घेऊन ती माल जमा करायला जाते. तिथं तपासनीस बसलेला. तो कट्टा उचलतो, चार विड्या दाबतो, नाक मुरडतो आणि मूठभर बाजूला टाकतो. ही छाट. छाटीचे पैसे नाहीत. का छाटली? विचारायचं नाही. विचारलं तर उद्या पानं नाहीत. आणि छाटलेल्या विड्या जातात कुठं? बाईच्या टोपलीत परत येत नाहीत. त्या तिथंच राहतात, आणि कुणाच्या तरी ओठात जातातच.

दुरून चालणाऱ्या कामाची सगळी गोम ह्या छाटीत आहे. बाईनं किती वळल्या ते सगळ्यांना दिसतं. तपासनिसानं का छाटल्या ते कुणालाच दिसत नाही. तिचं काम उघड्यावर, त्याचं काम अंधारात. आणि शंका कुणावर? तिच्यावर.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात घरी वळणारी बाईसुद्धा कामगार धरली गेली. कारखानदार कोर्टात धावले. ठेकेदारामार्फत पानं नेऊन आपल्या घरात वळणाऱ्या बाईचा बोजा आमच्या गळ्यात का, अशी त्यांची तक्रार. १९७४ साली सुप्रीम कोर्टानं कायदा उचलून धरला. छाटीला नियमांनी हद्द घातली. म्हणजे बघा गंमत. पगार आणि प्रॉव्हिडंट फंड द्यायची वेळ आली तेव्हा धनी म्हणाला, ही माझ्या नजरेसमोर नाही म्हणून माझी नोकर नाही. काम मोजायची वेळ आली तेव्हा तोच म्हणाला, ही माझ्या नजरेसमोर नाही म्हणून चोर आहे. एकच भिंत, दोन्ही बाजूंनी त्याच्याच फायद्याची.

तो कायदा आता चार कामगार संहितांच्या पोटात गेलाय. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ नंबरचा करार केला: घरी काम करणाऱ्याला बाहेर काम करणाऱ्यासारखंच वागवा, एवढी साधी गोष्ट. आपल्या सरकारनं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. विश्वगुरूला एवढं जमलं नाही.

आपण रोज एकमेकांना जयभीम घालतो. तो जयभीम रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. कामठीचे. त्यांनी विडी कामगारांना संघटित केलं, १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत ऐन पस्तिशीत गेले. घरात विखुरलेल्या, एकमेकांची तोंडं न पाहिलेल्या लोकांची संघटना बांधता येत नाही असं म्हणणाऱ्या आजच्या शहाण्यांना एवढंच सांगा. कामठीत बांधली होती.

आता विद्वानांकडे वळू. त्यांनी मोजलंच नाही असं नाही. चीनमधल्या सीट्रिप ह्या प्रवासाची बुकिंगं घेणाऱ्या कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम वगैरे मंडळींनी २०१० च्या डिसेंबरपासून नऊ महिने प्रयोग केला. ज्यांचे वाढदिवस सम तारखेला ते आठवड्यातले चार दिवस घरून, विषम तारखेवाले ऑफिसात. घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. साहेबांनी टाळ्या पिटल्या. पण ह्या १३ च्या आत जरा हात घालून बघा. त्यातले ९ टक्के आले ते जास्त मिनिटं काम केल्यामुळं. मधली विश्रांती कमी, आजारपणाची रजा कमी. उरलेले ४ टक्के घरच्या शांततेमुळं. म्हणजे ज्याला उत्पादकता म्हणून मिरवलं, त्यातला मोठा हिस्सा कामगारानं आपल्या अंगातून काढून दिलेली मिनिटं होती. आणि बक्षीस काय? सारखंच काम केलेल्यांत घरी बसलेल्याला बढती कमी मिळाली. साहेबाच्या डोळ्यांसमोर जो फिरतो त्याची आठवण साहेबाला राहते.

ह्याच कंपनीत, तिचं नाव बदलून ट्रिप डॉट कॉम झाल्यावर, पुन्हा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२४ साली 'नेचर'मध्ये छापून आला. १६१२ माणसं, आठवड्यातले दोन दिवस घरून. कामात काडीचा फरक नाही. नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं घटले. मला त्यातली मजा वाटली ती वेगळीच. प्रयोगाआधी मॅनेजर मंडळी म्हणत होती, उत्पादकता २.६ टक्क्यांनी पडेल. प्रयोगानंतर तीच मंडळी म्हणू लागली, १ टक्क्यानं वाढते. कामगार होता तसाच होता. बदलला तो मॅनेजरच्या डोक्यातला भूतकाळ. मग इतकी वर्षं उत्पादकता मोजायची गरज नक्की कुणाची होती?

सीट्रिपच्या त्या पहिल्या प्रयोगात घुसायला एक अट होती. घरात कामापुरती स्वतंत्र खोली पाहिजे. वाचून हसू आलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. २०२० साली त्या खोल्यांत आणि त्याहून लहान झोपड्यांत आपली किती पोरं कॉल सेंटरची आणि डेटा एंट्रीची कामं करत होती, त्याची मोजदाद कुठल्या साहेबाकडे आहे? मोरीच्या कठड्यावर लॅपटॉप, खाली बहिणीची ऑनलाइन शाळा, वर पोटमाळ्यावर खोकणारा आजा. कुकरची शिटी झाली की फोनवरची बाई विचारणार, हा आवाज कसला. शांततेचे ४ टक्के आम्ही कुठनं आणायचे?

आमच्या वस्तीतला एक पोरगा. बी.कॉम. केलेला, एका मोठ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घरून घ्यायचा. रोज सकाळी मीटिंग, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती. मागं भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. खोलीला चारच भिंती, एकीला कपाट, एकीला मोरी, एकीला दार. दोन दिवसांनी टीम लीडरनं त्याला वेगळा मेसेज केला: मागचं बॅकग्राउंड जरा प्रोफेशनल ठेव. त्याच मीटिंगमध्ये एकाच्या मागं देव्हारा होता, त्यात निरांजन पेटलेलं. त्याला मेसेज गेला नाही. पोरानं फोटो काढला नाही. कॅमेरा बंद ठेवला. तिमाहीच्या शेवटी कामाचे सगळे आकडे पुरे भरलेले असताना त्याच्या रेटिंगचा एक आकडा खाली आला. कारण काय लिहिलं होतं? 'सहभाग कमी'. ही छाट. मूठभर विड्या बाजूला टाकल्यासारखी, आणि विचारलं तर उद्या पानं नाहीत.

कॅमेरा काम बघत नाही भावांनो. काम आकड्यांत आलेलं असतं. कॅमेरा घर बघतो. घराची भिंत, घराचं छप्पर, भिंतीवरचा माणूस. पूर्वी गावात नवा माणूस आला की आडनाव विचारायचे, आडनावावरनं कळलं नाही तर गाव विचारायचे, गावावरनं कळलं नाही तर आळी विचारायचे. आता विचारायची गरज नाही. कॅमेरा चालू कर म्हणायचं.

पण म्हणून घरून काम नको, असं मी म्हणणार नाही. आपल्या कितीतरी पोरापोरींना घरून काम हा मोकळा श्वास वाटला, तेही खरं आहे. ऑफिसच्या कँटीनमध्ये डब्यात काय आहे म्हणून डोकावणारं नाक नाही. 'तुझा मार्क किती होता रे सीईटीला' असं हसत हसत विचारणारा शेजारी नाही. काम पाठवलं, काम पोचलं, संपलं. ज्या पोरीला रात्रीच्या लोकलनं बदलापूरला परत जायची धास्ती, तिला घर बरं. ज्याचा पाय अधू त्याला घर बरं. कामाचा हिशेब कामावरच होणार असेल तर दुरून काम करण्यात आपलाच फायदा जास्त आहे, कारण दुरून जात दिसायला नको. पण तशी अवस्था साहेबाला परवडत नाही. म्हणून कंपन्या पुन्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावतायत. टीसीएसनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं.

आणि जे घरी उरले त्यांच्यावर पहारा. दर काही मिनिटांनी संगणकाच्या पडद्याचा फोटो काढणारे, बोटांचे ठोके मोजणारे प्रोग्राम निघाले. त्यावर उतारा म्हणून लोकांनी माऊस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रं विकत घेतली. २०२४ साली अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं खोटे ठोके मारल्याच्या आरोपावरून डझनभराहून जास्त माणसं काढली. च्यायला, बँकेला बोटं हललेली हवी होती. लोकांनी बोटं हलवून दाखवली.

पांढरपेशा मंडळींना हा पहारा नवा वाटला म्हणून त्यांनी बोंब ठोकली. पण आधी तो कुणाच्या मनगटावर बांधला? नागपूर, चंदीगड, पंचकुला, ह्या शहरांत २०२० च्या आगेमागे सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं घालायला लावली. कामगार कुठं आहे, किती चालला, किती वेळ एका जागी थांबला, ते पालिकेच्या खोलीतल्या पडद्यावर दिसणार. घड्याळ बिघडलं तर पगार कापला, अशा तक्रारी आल्या. बायांना धाकधूक, हे घड्याळ बघतं का, ऐकतं का, ते घालून मुतारीत कसं जायचं? झाडू पुरता दिला नाही, हातमोजे दिले नाहीत, गमबूट दिले नाहीत. घड्याळ मात्र दिलं. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटो काढून मोबाइलवर हजेरी लावायची सक्ती झाली. नेटवर्क नाही तर फोटो नाही, फोटो नाही तर हजेरी नाही, आणि खणलेला खड्डा आपला तसाच उन्हात. पहारा खालून वर चढतो. झाडूवालीच्या मनगटावर बांधला तेव्हा हिंजवडीतला इंजिनियर गप्प होता. मग तो त्याच्या पडद्यावर आला.

आता वेळेबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे चेअरमन सुब्रह्मण्यन ९० वर गेले, घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार असं म्हणाले. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणायचं बिल मांडलं. अठ्ठेचाळीस! लढाईनंतरचा, कंगाल, गुलाम देश होता, आणि त्या देशाच्या मजूरमंत्र्याला कळत होतं की माणसाला घरी जायला पाहिजे. आणि ह्यांना कळत नाही. कळतं, पण परवडत नाही.

मोबाइलवर रात्री अकराला साहेबाचा मेसेज येतो. 'फक्त दोन मिनिटं'. पोरगं जेवणावरून उठतं. ह्याला इंग्रजीत काय म्हणतात मला ठाऊक नाही, आपल्याकडे ह्याला महारकी म्हणत. महारवतन म्हणजे दुसरं काय होतं? कामाची यादी नाही. वेळ नाही. सांगावा आला की निघायचं, सरकारी टपाल असो, मामलेदाराचं घोडं असो, मयताची बातमी असो. बाप घरी नसेल तर पोरानं जायचं. बदल्यात गावकीचं शिळं आणि वतनाचा तुकडा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं ह्यावरच, की हे काम बेहद्दीचं आहे आणि अख्खं घर त्याला बांधलेलं आहे. ते वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. ज्या कामाला हद्द नाही ती महारकी, मग ती करणारा जोशी असो की कांबळे. आज कोथरूडचा पोरगा वातानुकूलित बेडरूममध्ये महारकी करतोय. त्याला ते माहीत नाही, कारण त्याच्या आजानं ती कधी केली नाही. आपल्या आजानं केली. म्हणून आपल्याला वासावरनं कळतं.

पोर्तुगालनं २०२१ साली कायदा केला. कामाची वेळ संपल्यावर मालकानं कामगाराला फोन करायचा नाही, आणि घरून कामामुळं वाढलेला खर्च मालकानं द्यायचा. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ साली आणि पुन्हा २०२५ साली लोकसभेत खाजगी विधेयक आणलं, वेळ संपल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काचं. कायदा झाला नाही. खाजगी विधेयकांचं जे होतं ते झालं.

मी गोदीत काम करतो. लोक म्हणतील, तू बोजा उचलणारा, तुला घरून कामाचं काय कळतं? २०२० साली सगळे घरात होते तेव्हा बंदरं चालू होती. अत्यावश्यक सेवा! पण दुरून चालणारं काम गोदीला नवं नाही. जहाजाच्या पोटात उतरलेली टोळी क्रेनवाल्याला दिसत नाही. तो वर, माणसं खाली खोल अंधारात. मधे फाळक्याच्या, म्हणजे पोटात उतरायच्या तोंडाच्या, काठावर एक जण उभा असतो. इशारावाला. त्याच्या हातावर क्रेन उचलते आणि सोडते. जुने खलाशी 'हबेस' म्हणाले की उचलायचं, 'आर्या' म्हणाले की सोडायचं. हा माणूस बोजा उचलत नाही, क्रेन चालवत नाही. त्याचं काम एकच. खालच्या माणसांकडे बघत राहायचं. सगळे बाजूला झाले का? कुणाचा पाय अडकला नाही ना? स्लिंग नीट बसली का? खालून हात वर झाल्याशिवाय त्याचा हात वर होत नाही. माल किती गेला हे तो मोजत नसतो. त्याला टॅली क्लार्क आहे. आणि तोसुद्धा एकटा नाही. जहाजाचा टॅली क्लार्क वेगळा, बंदराचा वेगळा. दोघं मोजतात, आकडे जुळले तर सही, नाही जुळले तर भांडण, पण समोरासमोर.

चांगला मॅनेजर कसा असावा यावर म्हणे हजारो रुपयांची पुस्तकं निघतात. मला विचाराल तर मी फाळक्यावरच्या त्या माणसाकडे बोट दाखवीन. त्याचं बघणं आणि घड्याळातून, कॅमेऱ्यातून बघणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो खालच्या माणसाचा जीव राखायला बघतो. बोजा सुटला तर टोळी पहिला जाब त्यालाच विचारते: तू कुठं बघत होतास? हिंजवडीतल्या, ऐरोलीतल्या, पवईतल्या किती मॅनेजरांना हा प्रश्न कुणी विचारलाय? माणूस कोसळला तर तुझं लक्ष कुठं होतं, असं? पानं फाटकी दिली होतीस तर हजार कसे भरतील, असं? तुझी टॅली तूच ठेवतोस, दुसरी टॅली कुठाय, असं? काम काय आणि किती हे आधी धड सांगायचं. लागणारी सामग्री, नेट, खुर्ची, विजेचा खर्च आपण द्यायचा. आकडा ज्या वहीत लिहिला तिची एक प्रत कामगाराच्या हातात ठेवायची. छाटलं तर का छाटलं ते लिहून सही करायची आणि त्यावर अपील ऐकायचं. वेळ संपली की तोंड बंद. ह्यात कुठलं आलंय मॅनेजमेंटशास्त्र? टोळीचा कुठलाही धड मुकादम हे करतो. जो करत नाही त्याच्या टोळीत माणसं टिकत नाहीत.

आणि हे दूरचं काम आता गोदीतसुद्धा शिरतंय. केरळात विझिंजम बंदरात व्यापारी काम डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, २ मे २०२५ ला मोठं उद्घाटन झालं. तिथल्या यार्डातल्या क्रेन चालवणारा माणूस क्रेनवर चढत नाही. लांब खोलीत पडद्यासमोर बसून चालवतो. चालवते म्हणा, कारण तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या बायकासुद्धा हे काम शिकल्या. मला त्याचा आनंद आहे. मुंबईच्या गोदीत बाई क्रेनवर बसलेली मी अजून पाहिली नाही. पण प्रश्न तोच राहतो. पडद्यावर कंटेनर दिसतो. कंटेनरशेजारी उभा असलेला ठेक्यावरचा पोरगा दिसतो का? आणि नाही दिसला तर फाळक्यावरचा माणूस कोण?

हे सगळं साहेबांना ऐकू जावं म्हणून मी लिहीत नाहीये. ते आपलं मासिक वाचत नाहीत. हे लिहायचं कारण, मुकादम आता आपल्यातूनही होतायत. आरक्षणानं, शिक्षणानं, रात्रशाळा करून आपली पोरं टीम लीडर झाली, सुपरवायझर झाली, पालिकेत मुकादम झाली. सफाई कामगारांच्या घड्याळांचा पडदा बघणाऱ्या खुर्चीवर उद्या आपलाच कुणी बसेल. त्याच्या हातात छाटीचा अधिकार येईल. त्याच्यावरही वरून दाब असेल, एवढी टक्के छाट निघालीच पाहिजे, एवढी नावं खालच्या रेटिंगमध्ये गेलीच पाहिजेत. तो म्हणेल, मी काय करू, मीही नोकर आहे. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तेव्हा हे दोन शत्रू दारात उभे होते. आता ते आपल्याला नियुक्तिपत्र देतात. मित्रा, तू खुर्चीवर बसलास याचा आम्हाला अभिमान आहे. पण तुझ्या हाताखालच्या बाईनं विचारलं की माझी विडी का छाटली, तर तुझं उत्तर काय, ते आम्हाला पाहिजे. तुझ्या वरच्यानं नावं मागितली तर ती कशावरून काढलीस, ते तुझ्या टोळीला दाखवायची हिंमत आहे का, ते पाहिजे. नसेल तर तूही तोच तपासनीस, फक्त आडनाव आपलं.

आम्ही ह्या पानांवर छाटीची वही उघडतोय. घरून काम करणारे, फोन उचलणारे, विडी वळणारे, घड्याळ बांधलेले, मोबाइलवर हजेरी लावणारे, ज्यांचे पैसे किंवा रेटिंग कारण न देता कापलं गेलं, त्यांनी तारीख, कापलेली रक्कम आणि दिलेलं कारण एवढंच एका कागदावर लिहून पाठवावं. शुद्धलेखनाची काळजी नको. नाव छापणार नाही, कंपनीचं नाव तुमच्या परवानगीशिवाय छापणार नाही. आणि जे आपले मुकादम, टीम लीडर आहेत त्यांनीसुद्धा लिहावं, त्यांना वरून किती छाट मागितली गेली ते. पुढच्या अंकात दोन्ही टॅली शेजारी शेजारी छापू.